कागद-पेन्सिलीविना सापडलेला रस्ता

 

इथे नेदरलँड्समध्ये आपल्या मराठी घरांत सॉफ्टवेअरमध्ये काम करणारं कुणी ना कुणी असतंच. आता तर मुलंही शाळेत प्रोग्रॅमिंग शिकू लागली आहेत. म्हणून आज थोडं बोलू या अल्गोरिदमबद्दल, आणि त्यातल्या साधेपणाबद्दल. अल्गोरिदम म्हणजे एखादं काम पार पाडण्याची, पायरीपायरीने सांगितलेली कृती. पुरणपोळीची कृती असते ना, तशीच. फरक इतकाच की ‘मीठ अंदाजाने घाला’ असं कॉम्प्युटरला सांगून चालत नाही.

विषय तांत्रिक आहे, पण रेडिओ बंद करू नका. उदाहरण आपण राहतो त्या देशातलंच आहे, आणि ते समजून घ्यायला तुम्हाला कागद-पेन्सिल लागणार नाही. आजचा मुद्दाही नेमका तोच आहे.

साल १९५६. ॲम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात ‘आरमाक’ नावाचा नवा कॉम्प्युटर तयार झाला होता आणि तो लोकांना दाखवायचा होता. एड्सगर डाइक्स्ट्रा नावाचा पंचविशीतला तरुण तिथे काम करत होता, मूळचा रॉटरडॅमचा. गणित न शिकलेल्या माणसालाही प्रश्न आणि उत्तर दोन्ही कळेल असं काहीतरी त्याला हवं होतं. त्याने प्रश्न निवडला: एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचा सगळ्यांत जवळचा रस्ता कोणता? समजा, रॉटरडॅमहून ख्रोनिंगेनला जायचंय. या प्रात्यक्षिकासाठी त्याने देशाच्या नकाशातली फक्त ६४ गावं घेतली.

ही रीत त्याला कुठे सुचली? पुढे एका मुलाखतीत त्याने सांगितलं, की होणाऱ्या पत्नीबरोबर खरेदी करून दमल्यावर ते दोघं ॲम्स्टरडॅममधल्या एका कॅफेच्या बाहेर कॉफी प्यायला बसले, आणि तिथे वीसेक मिनिटांत रीत ठरली. जवळ कागद नव्हता, पेन्सिल नव्हती. हाताशी कागद नसला की टाळता येण्यासारखी प्रत्येक गुंतागुंत टाळावीच लागते, आणि म्हणूनच ती रीत इतकी नेटकी झाली, असं त्याचं म्हणणं होतं.

आता रीत ऐका. निघायचं रॉटरडॅमहून. समजा तिथून दोनच रस्ते निघतात: एक उट्रेख्तला, ६० किलोमीटर. दुसरा ॲम्स्टरडॅमला, ८० किलोमीटर. आकडे ढोबळ आहेत, त्यावरून भांडू नका. यातलं सगळ्यांत जवळचं गाव कोणतं? उट्रेख्त. मग त्यावर शिक्का मारायचा: उट्रेख्त ६०, हे पक्कं. आता उट्रेख्तहून पुढे कुठे जाता येतं ते बघायचं. आमर्सफोर्ट आणखी २५, म्हणजे एकूण ८५. ॲम्स्टरडॅम आणखी ४५, म्हणजे एकूण १०५. पण ॲम्स्टरडॅमला थेट ८० चा रस्ता आहेच, मग १०५ सोडून द्यायचा. आता शिक्का न मारलेल्या गावांपैकी सगळ्यांत जवळचं कोणतं? ॲम्स्टरडॅम, ८०. त्यावर शिक्का. मग आमर्सफोर्ट. असं करत ख्रोनिंगेनवर शिक्का बसेपर्यंत जायचं. झाली रीत.

पण ती बरोबर आहे कशावरून? ॲम्स्टरडॅमवर ८० चा शिक्का मारल्यावर उद्या कुणी ७० चा रस्ता काढून दाखवला तर? तसं होणार नाही. रॉटरडॅम आणि उट्रेख्तहून निघणारे सगळे रस्ते आपण हिशोबात घेतलेच आहेत. उरलेला कोणताही आडवळणाचा रस्ता शिक्का न मारलेल्या दुसऱ्या कुठल्यातरी गावावरून येणार. ते गाव आधीच ८० किंवा त्याहून लांब आहे, कारण सगळ्यांत जवळचं म्हणून आपण ॲम्स्टरडॅम निवडलं होतं. आणि पुढे चालून अंतर कमी होत नसतं.

इथे जरा थांबू या. सिद्धतेचं शेवटचं वाक्य पुन्हा बघा: ‘पुढे चालून अंतर कमी होत नसतं.’ त्या रीतीची अट तीच आहे. रस्त्यांऐवजी पैशांचे व्यवहार असतील, आणि काही व्यवहारांत खर्चाऐवजी नफा होत असेल, तर अट मोडते आणि शिक्का चुकू शकतो. तिथे दुसरी रीत लागते. साधेपणाचा हा मोठा फायदा आहे. रीत कशावर उभी आहे आणि ती कुठे कोसळेल, हे दोन्ही उघड दिसतं.

कष्ट किती पडतात याचा हिशोबही तितकाच सरळ आहे. गावं ६४, म्हणजे जास्तीत जास्त ६४ वेळा शिक्का मारायचा. दर वेळी सगळ्यांत जवळचं गाव शोधायला फार तर ६४ आकडे बघायचे. ६४ गुणिले ६४, म्हणजे ४०९६. गावं दुप्पट झाली तर काम साधारण चौपट. याउलट प्रत्येक रस्ता शेवटपर्यंत तपासत बसलो, तर वाटेत वीस नाके आणि प्रत्येक नाक्यावर दोन पर्याय एवढ्यातच दहा लाखांहून जास्त रस्ते होतात.

डाइक्स्ट्राने हे १९५९ मध्ये छापलं. लेख अवघा तीन पानांचा, आणि त्यात याबरोबर आणखी एक प्रश्नही सोडवलेला.

तुमच्यातले जाणकार म्हणतील, अहो, पण पुढे याहून वेगवान रीती निघाल्या की! निघाल्या. १९८४ मध्ये फ्रेडमन आणि टार्जन यांनी ‘फिबोनाची हीप’ नावाची रचना मांडली. कागदावरच्या हिशोबात ती सरस आहे. पण तिची देखभाल इतकी किचकट, की रस्त्यांच्या खऱ्या नकाशांवर साधी हीप बहुतेक वेळा तिच्या पुढे जाते. आजची नेव्हिगेशनची ॲप्स लाखो चौकांचा नकाशा आधीच तयारी करून ठेवतात, म्हणून उत्तर क्षणात येतं. ती गुंतागुंत गरजेपोटी आलेली आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण अशी नवी रीत बरोबर उत्तर देते का, हे तपासायला तिचं उत्तर डाइक्स्ट्राच्या साध्या रीतीशी ताडून बघतात. दुकानात काटा कितीही नवा असो, तपासायला वजन खरंच लागतं.

आता एक सावधगिरीची गोष्ट. साधं दिसलं म्हणजे निर्धास्त व्हावं असं नाही. शब्दकोशात शब्द कसा शोधतो? मधलं पान उघडतो, शब्द आधी असेल तर पुढचा अर्धा भाग सोडून देतो, आणि उरलेल्या भागाचं पुन्हा मधलं पान. हजार पानांना दहा वेळा उघडणं पुरतं, दोन हजारांना अकरा वेळा. याला बायनरी सर्च म्हणतात, आणि प्रत्येक विद्यार्थी ते शिकतो. तरीही २००६ मध्ये जॉशुआ ब्लॉक यांनी जाहीर केलं, की जावा भाषेच्या लायब्ररीत त्यांनीच लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये सुमारे नऊ वर्षं एक चूक दडून होती. मधलं पान काढायला पहिला आणि शेवटचा क्रमांक मिळवून निम्मे केले होते. गणितात हे अगदी बरोबर. पण तिथल्या पूर्णांकाला २१४ कोटींच्या आसपास मर्यादा आहे. यादी प्रचंड मोठी झाली की बेरीज त्या मर्यादेपलीकडे जाते आणि उत्तर उणे येतं. उपाय एका ओळीचा: पहिल्या पानापासून उरलेल्या अंतराच्या निम्मं पुढे जा.

चूक सापडायला इतकी वर्षं का लागली? कारण ‘बेरीज करा’ या दोन शब्दांमागे एक अट लपली होती आणि ती कुणी मोठ्याने म्हटली नव्हती. डाइक्स्ट्राच्या रीतीत अट सिद्धतेतच बोलून दाखवावी लागते, इथे ती गृहीत धरली गेली. कमी ओळी लिहिल्या की साधेपणा आला असं होत नाही. प्रत्येक पायरी का खरी आहे हे सांगता आलं, आणि सांगताना काही गिळावं लागलं नाही, की ती रीत साधी म्हणायची.

हे आपल्या घरापर्यंत येतं ते असं. आज प्रोग्रॅम लिहून देणारी साधनं हाताशी आहेत. ती क्षणात दोनशे ओळी देतात आणि त्या चालतातही. पण हॉस्पिटलचं वेळापत्रक, बँकेचा हिशोब, रेल्वेचा सिग्नल अशा प्रोग्रॅमवर चालतात. ‘चालतंय ना’ एवढ्यावर तिथे भागत नाही. का चालतंय, हे सांगू शकणारा माणूस कुणीतरी हवा. तो माणूस उद्या तुमची मुलगी असेल किंवा मुलगा.

म्हणून पालकांना एक सुचवतो. मुलांनी एखादा प्रोग्रॅम लिहिला, की त्यांना म्हणा, लॅपटॉप बाजूला ठेव आणि मला नुसतं तोंडी सांग. पुण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या आजीला फोनवर सांगतोस तसं. मराठीत सांगितलं तर उत्तमच, मध्ये डच शब्द आले तरी हरकत नाही. तुम्हाला प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालेल. तुम्ही दोनच प्रश्न विचारा: ‘हे बरोबर कशावरून?’ आणि ‘हे कधी चुकेल?’ जिथे मूल अडखळेल, तिथे एकतर त्याला अजून कळलेलं नाही, किंवा रीतच उगाच गुंतलेली आहे. दोन्ही कळणं फायद्याचंच.

आणि आपल्यापैकी जे याच व्यवसायात आहेत, त्यांनी उद्या ऑफिसात स्वतःलाही हेच दोन प्रश्न विचारून बघावेत. बरोबर कॉफी असली तर उत्तमच.

आज इथेच थांबतो. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.