हलत्या डेकवरचा नेम



पाण्यासाठी ज्या आटपाडी तालुक्याने पाणी परिषदा भरवल्या, त्या तालुक्यातली मुलं नौदलात जायला निघतात, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. मला वाटत नाही. आपल्या माणदेशातला माणूस पोटासाठी नेहमीच बाहेर पडत आला आहे. कुणी मेंढरं घेऊन गेला, कुणी सोन्या-चांदीच्या गलाईसाठी परमुलखात गेला, कुणी मुंबईच्या गिरणीत, कुणी पलटणीत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात, ते उगाच नाही. आणि समुद्राशी घाटावरच्या माणसाचा संबंध नाही, असंही नाही. ज्यांच्या आरमाराने इंग्रज-पोर्तुगीजांना अनेक वर्षं झोप येऊ दिली नाही, ते कान्होजी आंग्रे मूळ संकपाळ. त्यांचं घराणं पुण्याकडच्या आंगरवाडीचं.

आज मला भरतीवर फार बोलायचं नाही. ती माहिती तुम्हाला कुठेही मिळेल. माझ्या डोळ्यांसमोर आहे ती त्यानंतरची घडी : दिघंचीचा, झऱ्याचा, खरसुंडीचा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, आणि त्याच्या हातात पहिल्यांदा आलेलं शस्त्र. घरी आपण त्याचा फोटो भिंतीवर लावतो. त्या फोटोमागे काय शिकवलं गेलं, हे आईवडिलांना फारसं कुणी सांगत नाही. एनसीसीच्या निमित्ताने मी बरीच वर्षं मुलांबरोबर फायरिंग रेंजवर उभा राहिलो आहे, म्हणून हा विषय मला जवळचा.

ओडिशात चिलिका सरोवराच्या काठी ‘आयएनएस चिल्का’ हे नौदलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. नव्या नौसैनिकाचं पहिलं शिक्षण तिथे होतं. अग्निपथ योजनेतून भरती झालेल्या अग्निवीरांची पहिली तुकडी तिथून २८ मार्च २०२३ रोजी बाहेर पडली. सुमारे २६०० जण होते, आणि त्यांत २७० हून अधिक मुली होत्या. नेहमी दिवसा होणारं दीक्षान्त संचलन त्या वेळी सूर्यास्तानंतर झालं. सोळा आठवड्यांत हे सगळे नागरिकाचे नौसैनिक झाले होते. कवायत, पोहणं, दोरखंडाच्या गाठी, आग विझवणं, प्रथमोपचार, आणि त्याच्या जोडीला रायफल.

रायफलीचा पहिला धडा गोळीचा नसतोच. ती उघडायची, पुसायची, पुन्हा जोडायची. नळीतून दोरीने चिंदी ओढून काढायची, आणि ती काळी निघाली तर पुन्हा ओढायची. रायफल हातात घेतली की आधी ती रिकामी आहे याची खात्री करायची. दुसऱ्याने समोर रिकामी करून दिली तरी आपण पुन्हा पाहायचं. नळीचं तोंड कधीही माणसाकडे जाऊ द्यायचं नाही, रिकाम्या रायफलीचंसुद्धा. एनसीसीच्या पोरांना आम्ही पॉइंट टू-टू रायफल देतो आणि पंचवीस मीटरवर पालथं झोपवून नेम धरायला लावतो. तिथेही शिकवतात त्या तीनच गोष्टी : पकड घट्ट, नेम बरोबर, आणि घोडा दाबताना बोटाला धसका नको. श्वास अर्धा सोडायचा, थांबवायचा आणि घोडा हळूहळू ओढायचा. पहिल्या दिवशी ज्याच्या गोळ्या लक्ष्याच्या मध्यावर लागतात त्याचं कौतुक होतं. पण जाणता शिक्षक दुसऱ्याच मुलाकडे पाहत असतो. त्याच्या पाचही गोळ्या मध्यापासून दूर, पण एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. त्याचा हात पक्का आहे. बाकीचं सुधारता येतं.

आणि मग रिकामी काडतुसं मोजली जातात. जितक्या गोळ्या दिल्या तितकी टरफलं परत आली पाहिजेत. एक जरी कमी पडलं तरी सगळी तुकडी गुडघ्यावर बसून गवत चाळते, आणि ते सापडेपर्यंत जेवायला कुणी उठत नाही. मुलांना हे जाचक वाटतं. मला हा त्या शिक्षणाचा गाभा वाटतो. समाजाने तुझ्या हाती माणूस मारण्याची शक्ती सोपवली आहे आणि तिच्या प्रत्येक कणाचा हिशेब तू देणं लागतोस, हे त्या मोजणीत शिकवलं जातं. विश्वास टाकणं म्हणजे काय हे आटपाडीकरांना मी सांगावं, अशी गरजच नाही. औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये इथेच स्वतंत्रपूरला भिंती नसलेली वसाहत उभारली आणि खुनाची शिक्षा झालेल्या कैद्यांच्या हाती कुदळ-फावडं दिलं. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखे बारह हाथ’ हा चित्रपट त्यातूनच आला. तिथेही विश्वास होता आणि संध्याकाळी घरी परतण्याची जबाबदारीही होती.

आता रायफल बाजूला ठेवू आणि जहाजावर जाऊ. खरं अवघड काम तिथे आहे. जमिनीवर नेम धरणारा निदान स्वतः स्थिर असतो. समुद्रावर तुमच्या पायाखालचं डेक दोन्ही अंगांनी झुलतं, जहाजाची नाळ वरखाली होते, समोरचं लक्ष्य स्वतःच्या गतीने पळत असतं आणि वारा गोळ्याला तिसरीकडे ओढतो. शतकानुशतकं तोफची एवढंच करत : जहाज झुलत झुलत लक्ष्याच्या रेषेत आलं की बत्ती द्यायची. बरेचसे गोळे पाण्यातच जात. १८९८ च्या सुमारास पर्सी स्कॉट नावाचा ब्रिटिश नौदलातला कॅप्टन ‘सिला’ या जहाजावर होता. एका सरावात त्याच्या लक्षात आलं की बाकी सगळे चुकत असताना एक तोफची सरस ठरतोय. कारण शोधलं तर दिसलं की तो माणूस नकळत तोफेचं चाक सारखं फिरवत होता. जहाज खाली गेलं की तोफ वर, जहाज वर आलं की तोफ खाली. झुलण्याची वाट न बघता तो तोफेवरची दुर्बीण सतत लक्ष्यावर ठेवत होता. स्कॉटने चाकाचे दाते बदलले, दुर्बीण सुधारली, आणि वरखाली सरकणाऱ्या कागदी लक्ष्यावर पेन्सिलीचा ठिपका उमटवायचा सराव सगळ्यांकडून करून घेतला. त्या सरावात दारूगोळ्याचा खर्च शून्य. पुढच्या वर्षीच्या चाचणीत त्या जहाजाचे ७० पैकी ५६ गोळे लागले. जगभरच्या आरमारांचं तोफशिक्षण यानंतर बदललं. एका साध्या खलाशाच्या हाताची सवय एका अधिकाऱ्याने नीट पाहिली, म्हणून हे घडलं. मला या हकिकतीत तो बिननावाचा तोफची फार मोठा वाटतो.

आज आपल्या युद्धनौकांवर जी ७६ मिलिमीटरची तोफ असते, ती हरिद्वारला भेलच्या कारखान्यात बनते. मिनिटाला १२० गोळे सोडते, आणि तिच्या घुमटात माणूस बसत नाही. रडार लक्ष्य पकडतं, यंत्र गणित करतं. मग माणूस काय करतो? तो पडद्यासमोर बसून ठरवतो की समोर दिसतंय ते शत्रूचं जहाज आहे की कोळ्याची होडी. दारूगोळा कोरडा आणि थंड राखतो, बिघडलेला भाग खवळलेल्या दर्यात बदलतो, आणि अडकलेला गोळा ठरलेल्या क्रमाने, घाई न करता बाहेर काढतो. कोचीची ‘आयएनएस द्रोणाचार्य’ ही नौदलाची तोफा-क्षेपणास्त्रांची शाळा हेच शिकवते. १६ मार्च २०२३ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तिला राष्ट्रपतींचं निशाण प्रदान केलं. तिथे शिकायचं तर त्रिकोणमिती आणि भौतिकशास्त्र लागतं. छाती किती इंच फुगते, हे तिथे कामाला येत नाही.

शस्त्र कधी चालवायचं नाही, हे कुठल्या पुस्तकात शिकवतात? मला त्याचं उत्तर आपल्या इतिहासात सापडतं. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या केंद्रावरच्या नौसैनिकांनी निकृष्ट अन्न आणि अपमानाच्या वागणुकीविरुद्ध संप केला. दोन-तीन दिवसांत ७८ जहाजं आणि सुमारे २०,००० नौसैनिक त्यात उतरले. बहुतेक विशीतली पोरं होती. २१ तारखेला कॅसल बराकीत गोऱ्या फौजेशी त्यांची तासन्‌तास गोळीबाराची झुंज झाली. बंदरातल्या जहाजांवरच्या तोफा त्यांच्या ताब्यात होत्या, समोर सगळी मुंबई होती, आणि रस्त्यावर त्यांच्या बाजूने उतरलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या जात होत्या. दोनशेहून अधिक माणसं शहरात मेली. तरीही त्या तोफा शहरावर धडाडल्या नाहीत. २३ तारखेला त्यांनी राष्ट्रीय नेत्यांच्या सांगण्यावरून शरणागती पत्करली. पुढे शेकडोंना काढून टाकलं गेलं, आणि स्वतंत्र भारताच्या नौदलानेही त्यांना परत घेतलं नाही. ही गोष्ट मला अजून टोचते. ज्या पोरांनी तोफेवर बसून स्वतःला आवरलं, त्यांच्या शिस्तीला आपण बेशिस्त म्हटलं.

आता अग्निपथ योजनेबद्दल मला जे वाटतं ते स्पष्ट बोलतो. चार वर्षांची नोकरी, पहिल्या वर्षी महिना ३०,००० आणि त्यातले २१,००० हातात, शेवटी सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी, आणि चारांतल्या एकालाच पुढे कायम होण्याची संधी. दुष्काळी भागातल्या घराला ही रक्कम लहान नाही. पण तोफेवरचा माणूस चार वर्षांत तयार होतो, हे मला पटत नाही. अडकलेल्या गोळ्यापाशी न घाबरता उभं राहणं अनुभवानेच येतं, आणि तो अनुभव येऊ लागतो तेव्हा चारांतले तिघे घरी परततात. त्यांच्या हातातलं कसब इथे विट्यात, सांगलीत कोण वापरणार? यंत्राचं किंवा विजेचं काम शिकलेल्याला कारखाना मिळेल. तोफेचं शिकलेल्याचं काय, याचा विचार मुलगा जाण्याआधी घरात व्हायला हवा. आणि कोणती शाखा मिळणार, हे ठरवतं नौदल.

शस्त्राआधी काय शिकावं, याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. फलटणजवळच्या विंचुर्णीत व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी राहत. १९७१ च्या युद्धात पूर्वेकडच्या समुद्रात ‘कामोर्ता’ जहाजाचं नेतृत्व त्यांनी केलं आणि वीरचक्र मिळवलं. पुढे पश्चिम नौदल विभागाचे ते प्रमुख झाले. निवृत्तीनंतर हा दर्यावर्दी माणूस आपल्याच या कोरड्या टापूत येऊन राहिला आणि २०१८ मध्ये वारला. भारतीयाने एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांचा. दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून २०१० मध्ये ती पुरी केली. एवढी युद्धं पाहिलेल्या सेनानीने उतारवयात हट्ट धरला तो शिडाचा आणि वाऱ्याचा. नौसैनिकाने आधी समुद्र जाणावा, शस्त्र त्यानंतर, असा मी त्याचा अर्थ लावतो.

म्हणून माझं मागणं अगदी साधं आहे. आपल्याकडे भरतीची तयारी म्हणजे पहाटे दिघंची रोडवर धावणं. १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत धावणं जरूर हवं. पण पेपर हिंदी-इंग्रजीत असतो, त्यात गणित आणि विज्ञान असतं, आणि धावण्यात पहिली आलेली आपली पोरं तिथे मागे पडतात. शिक्षकांनी संध्याकाळी एक तास या मुलांना द्यावा. दुसरं, पोहणं. माझ्या पिढीतल्या पोरांना विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं, पण मधल्या दुष्काळांत विहिरीच आटल्या आणि एक पिढी कोरडीच वाढली. आता टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी आलं आहे, विहिरी भरताहेत. या उन्हाळ्यात ज्यांच्या विहिरीला पाणी आहे त्यांनी, जाणता पोहणारा काठावर उभा करून, कमरेला दोर बांधून, गावातल्या मुलांना शिकवावं. मुलींनाही शिकवावं, आणि त्यांच्यासाठी वेगळी वेळ ठेवावी लागली तर ठेवावी. नावनोंदणी उद्या सकाळपासून इथेच वाचनालयात करू. आता कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.