होडीचं इंजिन आणि विजेवरचा पंप

चालत्या होडीचं आउटबोर्ड इंजिन दम टाकू लागलं, की पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबून पाहा. इंजिन सावरलं, तर दोष इंधन पुरवठ्यात. आधी फिल्टर आणि नळी तपासा, मग पंप.

जुन्या पंपाऐवजी विजेवरचा बसवताना दाब पाहून घ्या. कार्बोरेटरला साधारण ३ ते ५ पीएसआय पुरतो. इंजेक्शनवाल्या मोटारीचा पंप त्याच्या कितीतरी पट दाब देतो. तो लावला तर कार्बोरेटर ओसंडतो.

पंप बोटीसाठीचाच घ्या, वायरला फ्यूज लावा. इंजिन थांबलं की पंपही आपोआप थांबायला हवा. नाहीतर फुटक्या नळीतून पेट्रोल तळाशी साचतं, आणि मग एक ठिणगी पुरते.