गाडी बंद पडते तेव्हा



कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने मोटारसायकलीवर काय बोलावे, असे आपल्या मनात आले असेल. आमचे म्हणणे इतकेच की, संप आणि यंत्राचा बिघाड यांची जात एक आहे. दोन्ही अचानक झाले असे मालक सांगतो; आणि दोन्हींची गाऱ्हाणी कितीतरी आधी त्याच्या कानी पडलेली असतात. साखळी कुरकुरते, ब्रेकचा दांडा रोज थोडा अधिक आत जातो, एका किकेऐवजी चार लागतात. हे यंत्राचे अर्जच होत.

आपल्या दोन जिल्ह्यांना यंत्र नवे नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. १९७५ साली साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स निघाली आणि तिची 'प्रिया' गावोगाव गेली. पुढे ते उत्पादन थांबले. प्रिया काय, म्हैसूरची जावा काय, या टू-स्ट्रोक गाड्यांत तेल पेट्रोलबरोबरच जळे आणि प्लगवर काजळी धरे. त्यामुळे पाना आणि जादा प्लग जवळ बाळगण्याची शिस्त लोकांना आपोआप लागली.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात : पेट्रोल व हवा यांचे मिश्रण, ठिणगी आणि दाब. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत शोध सोप्याकडून अवघडाकडे न्यावा. आधी बंद करण्याचे बटण आणि पेट्रोल पाहावे. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले तरी पेट्रोल उतरत नाही. झाकण उघडताच गाडी सुरू झाली, तर दोष तिथेच. मग प्लग काढावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर पोहोचते, पण पेटत नाही. काळा प्लग पेट्रोल जास्त किंवा हवेची जाळी तुंबल्याचे सांगतो, पांढरा प्लग इंजिन फार तापल्याचे. फिकट तपकिरी असला की समाधान मानावे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर दोष कशात होता ते कळत नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि कार्बोरेटरची जागा बहुतेक गाड्यांत इंजेक्शनने घेतली. तिथला दोष यंत्र लावूनच वाचावा लागतो. पण साखळी, टायरची हवा, बॅटरीच्या तारा आणि ब्रेक आजही आपल्याच हातात आहेत.

ब्रेकचे विशेष सांगतो, कारण तिथे प्रश्न जिवाचा आहे. सांगलीहून कराड, पाटण करत कुंभार्ली घाटाने कोकणात उतरताना खालच्या गिअरात उतरावे. डिस्क ब्रेक सतत दाबून धरला की तापतो. त्यातले तेल ओलावा शोषते. जुने तेल अशा उष्णतेने उकळते, त्यात बुडबुडे होतात, दांडा मुठीला टेकतो आणि गाडी थांबत नाही. म्हणून साधारण दोन वर्षांनी हे तेल बदलावे. खर्च थोडा असतो, आणि टाळाटाळ नेमकी त्याचीच होते.

शेवटी आमच्या पेशाची गोष्ट. नाक्यावरच्या मिस्त्रीला नुसत्या आवाजावरून दोष कळतो. पण नव्या गाडीची माहिती आणि ती वाचणारे यंत्र कंपनीच्या कुलपात राहिले, तर त्याचे कसब निरुपयोगी ठरेल आणि आडवाटेवर आपल्याला कोणी वाली उरणार नाही. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तीत वाहनेही घेतली. हा हक्क जितका गाडीवाल्याचा, तितकाच मिस्त्रीचा. तेव्हा गाडी त्याच्या हवाली करून चहाला जाऊ नका. शेजारी उभे राहा, विचारा, शिका. आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या.