आधीं कांटा, मग ठिगळ

बुलढाणा जिल्ह्याच्या खामगांव तालुक्यांत पिंपळगांव राजा हें गांव आहे. भोंवतालीं काळी, कपाशीची जमीन. बांधांवर बाभळी, आणि पावसाळा सरतां सरतां पायवाटांवर पसरणारा सराटा. अशा गांवीं शाळकरी मुलास रुंद टायरांची, डोंगरवाटांसाठीं बनविलेली सायकल मिळावी आणि पहिल्याच महिन्यांत चार वेळां तिच्या चाकांतील हवा जावी, यांत नवल नाहीं. वडील म्हणतात, ‘तूं आडरानांत नेतोस म्हणून’. मुलगा म्हणतो, ‘बाबा, सायकलच वाईट आहे’. आणि दुकानदार दर खेपेस एक ठिगळ लावून मोकळा होतो. अखेर सायकल पडवींत भिंतीला टेकून राहते. यांत पैसा जातो तो थोडा. मुलाचा उत्साह जातो, तें नुकसान मोठें.

चूक एवढीच होते कीं, भोंक बुजविलें जातें, पण तें पाडणारा तसाच राहतो. टायरांत रुतलेला कांट्याचा तुकडा दुसऱ्या दिवशीं नवी ट्यूबहि फोडतो. सराट्याचें पिकलेलें फळ फुटून त्याचे बहुधा पांच भाग होतात व प्रत्येक भागाला दोन मोठे, टणक कांटे असतात. तो कसाहि पडला तरी एखादें टोंक वर रोखलेलें राहतें. बाभळीचा कांटा आंत मोडून राहिला, तर बाहेरून दिसतहि नाहीं.

यास्तव ट्यूब बाहेर काढण्यापूर्वीं ती टायरांत कशी बसली होती, याची खडूनें खूण करावी. मग तींत हवा भरून ती घमेल्यांतील पाण्यांत फिरवावी. बुडबुडे जेथें येतील, त्याच्या समोरचा टायराचा भाग तपासला कीं अपराधी सांपडतो. टायराच्या आंतून जुनें फडकें फिरवावें. कांटा त्यांत अडकतो आणि बोटें वांचतात.

भोंकहि आपली हकीकत सांगतें. तें जमिनीच्या बाजूस व एकच असेल, तर कांटा, खिळा किंवा कांच. सर्पदंशासारखीं दोन भोंकें शेजारीं शेजारीं असतील, तर हवा कमी असून दगडावर आपटतांना ट्यूब रिमच्या कडांत चिमटली. भोंक आऱ्यांच्या बाजूस असेल, तर आऱ्याचें टोंक वर आलें आहे किंवा त्यावरची पट्टी सरकली आहे. रोग तीन, उपायहि तीन. सर्वांवर एकच ठिगळ चालत नाहीं.

ठिगळ लावतांनाहि घाई नको. जागा कांचकागदानें घासावी, सोल्युशनचा पातळ थर द्यावा, आणि त्याचा ओलेपणा गेल्यावरच ठिगळ दाबावें. हवेच्या दाबाची मर्यादा टायराच्या कडेवर उठविलेली असते. रबरांतून हवा हळूहळू झिरपतेच, म्हणून आठवड्यांतून एकदां दाब पाहावा. कांट्यांच्या मुलखांत ट्यूबमध्यें भोंक आपोआप बुजविणारा द्रव भरणें फायद्याचें. मात्र मोठी चीर त्यानें बुजत नाहीं. आणि सराट्याचें रान आडवें आलें, तर सायकल खांद्यावर घेऊन चार पावलें चालण्यांत कमीपणा नाहीं.

हवेच्या चाकाची कथा मुलाच्या हौसेशींच निगडित आहे. बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉयड डनलॉप यांनीं आपल्या मुलाच्या तिचाकीचे धक्के कमी व्हावेत म्हणून रबरी नळींत हवा भरली, आणि १८८८ सालीं तिचें पेटंट घेतलें. थॉमसन यांची तशीच कल्पना १८४५ सालचीच, पण ती रूढ झाली नव्हती. मुलासाठीं हात चालविणाऱ्या बापानें ती रूढ केली. आपल्याकडेहि बेळगांवांत सायकलींच्या दुकानापासून आरंभ करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढें लोखंडी नांगरांपर्यंत पोंचले.

प्रत्येक मुलगा कारखानदार होईल असें नाहीं. परंतु पांचवें पंक्चर झाल्यावर रागावण्याऐवजीं वडिलांनीं घमेलें पुढें सरकवावें व ‘कांटा कोठें आहे, तो तूंच शोध’ असें म्हणावें. तो सांपडल्यावर मुलाच्या तोंडावर जें हसूं उमटेल, त्यानें पडवींतील सायकल पुन्हा रस्त्याला लागेल.