आधी वीज बघा

श्रोतेहो, वेळ थोडा आहे, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. मच्छेच्या औद्योगिक वसाहतीतली, विद्यापीठातली हौशी पोरं माझ्याकडे लिनक्सवर चालणारे फोन घेऊन येतात. कुणाचा पाइनफोन, तर कुणी जुन्याच फोनवर पोस्टमार्केटओएस चढवलेलं. त्याला हब लावायचा. हबात कीबोर्ड, पेनड्राइव्ह, शिवाय सीएनसी मशीनला प्रोग्राम पाठवायची सिरियल केबल. थोड्या वेळात कीबोर्ड मान टाकतो. मग रात्रभर जागून काय, तर सिस्टिम पुसायची आणि नवी टाकायची! बाबांनो, आधी वीज बघा.

फोन म्हणजे एका पगारावर चाललेलं घर. यूएसबी २.० च्या हिशेबाने पाहुण्यांसाठी ५०० मिलिअँपिअर, संपलं. तेही बॅटरीतले पावणेचार व्होल्ट चढवून पाच करायचे, मग वाढायचे. बरं, इथला पाहुणा आपण किती जेवणार ते दारातच सांगतो. 'एलएसयूएसबी -व्ही' ही आज्ञा चालवा, प्रत्येक वस्तूचा 'मॅक्सपॉवर' आकडा दिसेल. पोर्टेबल हार्डडिस्क ५०० सांगते आणि चकती फिरायला लागताना त्याहून जास्त ओढू शकते. बिनचार्जरचा हब म्हणजे नुसता वाढपी. पदरचं काही नाही, नियमाने एका तोंडाला १००. तिथे २०० मागणारा पेनड्राइव्ह आला की कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवतं. 'डीमेसेज -डब्ल्यू' चालू ठेवून वस्तू खोचा. 'इनसफिशियंट अव्हेलेबल बस पॉवर' असं स्वच्छ लिहून येतं. कर्नल ओरडून सांगतंय आणि तुम्ही सिस्टिम पुसताय!

कधी नुसतं 'एरर मायनस ७१' येतं. ते विजेमुळेही येतं आणि खराब केबलमुळेही, म्हणून तिथे घाई नको. पण आधी वीजच बघा.

यावर उपाय एकच, पाहुण्यांनी शिदोरी घेऊन यायचं. म्हणजे हबला स्वतःचा चार्जर. पाइनफोनच्या डॉकला चार्जर लावायची वेगळी जागा आहे ती त्यासाठीच. काही जुन्या फोनांत तर पोस्टमार्केटओएसच्या कर्नलला पाच व्होल्ट बाहेर द्यायचं अजून जमत नाही. तिथे साधा माऊससुद्धा उपाशी. चार्जरवाला हब लावला की तोच माऊस टुणकन चालतो. मग माऊसच्या ड्रायव्हरला नावं ठेवली ती कशाला?

पाइनफोनच्या कीबोर्ड-केसची गोष्ट उलटी. हा पाहुणा ६००० मिलिअँपिअर-तासांची कोठीच पाठीशी बांधून येतो आणि मागच्या पिनांतून यजमानालाच भरवतो. तो बसवलेला असेल तेव्हा चार्जर कीबोर्डच्या तोंडाला लावायचा, फोनच्या नव्हे. पुन्हा सांगतो, फोनच्या नव्हे. दोन्हीकडून वीज घातलीत तर फोन जळायची भीती आहे, आणि त्याचा बोर्ड आपल्याकडे कुठल्या दुकानात मिळत नाही.

आता केबल. बाजारातली स्वस्त, बारीक तारांची केबल पाच व्होल्टांतले काही वाटेतच खाते. आखूड आणि जाड घ्या. टाइप-सीत वीज कुणी द्यायची आणि कुणी घ्यायची, हे सीसी नावाच्या पिनेवरच्या ५.१ किलोओहमच्या रोधावरून ठरतं. तो चुकीचा असला तर... पण काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली. आज घरी गेल्यावर तेवढं 'मॅक्सपॉवर' बघून ठेवा.