फाटकावरची तसबीर



कामगार पोटासाठी संपावर जातो हे खरे; परंतु उपाशी पोटी तो संपावर टिकतो, तेव्हा नुसता पोटाचा हिशेब पुरत नाही. झेंडा, तसबीर, घोषणा यांचे बळ तेथे कामी येते. हे बळ कोणाच्या हाती जाते आणि त्याचे पुढे काय होते, हे पोलंडच्या उदाहरणाने पाहावयाचे आहे. हा देश आपल्याला अगदीच परका नाही. महायुद्धात देशोधडीला लागलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसे १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली होती.

१७९५ पासून १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षे, पोलंडचे राज्यच नव्हते. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता. रशियाचा राज्यधर्म ऑर्थोडॉक्स, प्रशिया प्रॉटेस्टंट. तेव्हा आपली भाषा आणि आपले कॅथॉलिक चर्च हीच लोकांना आपली घरे वाटली. त्यातूनच ‘पोल म्हणजे कॅथॉलिक’ हे समीकरण रूढ झाले. पण १९३९ पूर्वीच्या पोलंडात सुमारे एकतृतीयांश वस्ती युक्रेनी, ज्यू, बेलोरशियन, जर्मन अशा लोकांची होती. पारतंत्र्यात जे समीकरण ढाल होते, ते स्वराज्यात या शेजाऱ्यांना बाहेर ठेवणारे कुंपण झाले.

आता १९८० कडे येऊ. ग्दान्स्कच्या लेनिन जहाजबांधणी कारखान्यात १४ ऑगस्टला संप झाला. आना वालेंतिनोविच या क्रेन चालविणाऱ्या बाईंना, निवृत्तीस पाच महिने उरले असताना, कामावरून काढले होते. त्यांना परत घ्या, ही पहिल्या मागण्यांपैकी एक. कामगारांनी फाटकावर पोप जॉन पॉल दुसरे आणि मेरीमाता यांच्या तसबिरी लावल्या, फुले वाहिली. पुढारी लेक वालेन्सा यांच्या कोटावर चेन्स्तोहोवाच्या काळ्या मातेचा बिल्ला होता. पण त्याच फाटकावर एकवीस मागण्यांचे फळेही टांगले होते : स्वतंत्र युनियन, संपाचा हक्क, पगारवाढ, पाळणाघरे, बाळंतिणीला तीन वर्षांची पगारी रजा! ३१ ऑगस्टला करार झाला आणि ‘सॉलिडॅरिटी’ची सभासदसंख्या पुढे कोटीच्या घरात गेली. याचेक कुरोन यांच्यासारखे डावे, अश्रद्ध विचारवंतही तिचे सल्लागार होते. तसबिरीने कोणालाही फाटकाबाहेर काढले नाही.

१९८९ मध्ये सत्ता पालटली. १ जानेवारी १९९० पासून बाजाराचे नवे अर्थकारण सुरू झाले. १९९३ अखेर बेकारी सोळा टक्क्यांवर गेली. १९९६ मध्ये तो कारखानाच दिवाळखोरीत निघाला. मागण्यांचे फळे २००३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत गेले. मान योग्यच, पण मागणी संग्रहालयात गेली आणि तसबीर तेवढी रस्त्यावर राहिली.

१० एप्रिल २०१० रोजी स्मोलेन्स्क येथे विमान कोसळून राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की यांच्यासह ९६ माणसे गेली. त्यांत आना वालेंतिनोविचही होत्या. बालवीरांनी वॉर्सात अध्यक्षीय प्रासादासमोर लाकडी क्रॉस उभारला. तो हलविण्यावरून ऑगस्टमध्ये एका बाजूस प्रार्थना करणारे, दुसऱ्या बाजूस त्यांची टर उडविणारे, असे तट पडले. त्या दिवसांत राष्ट्रवादी-परंपरावादी ‘कायदा आणि न्याय’ पक्षाने टर उडविली गेलेल्यांना जवळ केले.

केवळ क्रॉस दाखवून हा पक्ष निवडून आला, असे मानणाऱ्यांनी हिशेब तपासावा. २०१५ मध्ये सत्तेवर येताच त्याने दुसऱ्या मुलापासून दरमहा ५०० झ्लोती भत्ता सुरू केला. आधीच्या सरकारने ६७ वर नेलेले निवृत्तीचे वय २०१७ मध्ये पुन्हा स्त्रियांना ६० आणि पुरुषांना ६५ केले. म्हणजे उदारमतवाद्यांनी टाकून दिलेला मागण्यांचा फळा या पक्षाने उचलला. मात्र त्याबरोबर तसबिरीचा सातबाराही आपल्याच नावावर चढविला. २०१९ मध्ये प्वोत्स्क गावी त्याच काळ्या मातेच्या चित्राभोवती इंद्रधनुषी प्रभावळ काढलेली पत्रके लागली. धार्मिक भावना दुखावल्याबद्दल तिघी स्त्रियांवर खटला झाला. २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. २०२० मध्ये घटना न्यायाधिकरणाने गर्भपाताचा हक्क जवळजवळ संपविला, तेव्हा लाखो स्त्रिया लाल विजेचे चिन्ह घेऊन रस्त्यावर आल्या. २०२३ मध्ये पक्षाची सत्ता गेली. २०२५ मध्ये त्याने पाठिंबा दिलेले कारोल नाव्रोत्स्की निसटत्या बहुमताने राष्ट्राध्यक्ष झाले. झगडा संपलेला नाही.

मित्रहो, लोकांच्या श्रद्धेला हसणारा पुढारी लोकांना गमावतो, आणि ते योग्यच होते. म्हणून प्रतीक पुढे करणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारावा : याच्याशेजारी मागण्यांचा फळा आहे काय? परंतु पोलंड सांगते की तेवढ्याने भागत नाही. भाकरी देणाराही माणसाला फाटकाबाहेर काढू शकतो. म्हणून दुसरा प्रश्न : या तसबिरीखाली उभे राहण्यास कोणाला मज्जाव आहे? ग्दान्स्कच्या फाटकाने १९८० साली या दोन्ही प्रश्नांची सरळ उत्तरे दिली होती. ती उत्तरे कामगारांनी दिली होती, हे आपण ध्यानात ठेवावे.