आरोग्य, शिक्षण आणि उद्योजकांचे उत्तरदायित्व
(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी प्रमुख पाहुण्यांनी केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आमच्या उद्योजक संघटनेने शासनाकडे शिक्षण व आरोग्य यांविषयी कोणत्या मागण्या कराव्यात, यावर गेले वर्षभर आमच्यात विचारविनिमय चालू होता. त्याचे सार आपणापुढे ठेवण्याची संधी मला दिलीत, याबद्दल मी ऋणी आहे. मात्र मागण्यांआधी एक कबुली देणे मी माझे कर्तव्य समजतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या कारखान्यातील एका कंत्राटी कामगाराचा हात प्रेस यंत्राखाली सापडला. तो याच रुग्णालयात दाखल झाला आणि त्याचा खर्च येथील निर्धन रुग्ण निधीतून भागला. त्या वेळी मला हायसे वाटले. पुढे लक्षात आले की, कर्मचारी राज्य विमा योजनेत त्याची नोंदच झालेली नव्हती. ठेकेदार करील, असे मानून मी स्वस्थ बसलो होतो. नोंद असती तर उपचार तर मिळालेच असते, शिवाय कामावर येऊ न शकलेल्या काळात वेतनाच्या ९० टक्के इतका लाभही त्याला मिळाला असता. निधीने बिल फेडले, परंतु घरची चूल कोणी पेटवायची? आणि माझ्या हलगर्जीपणावर खर्च झालेली ती रक्कम कोणा खऱ्या निराधाराच्या वाट्याची होती.

हा निधी कसा उभा राहतो, हे अनेकांना ठाऊक नसते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये १० टक्के खाटा निर्धनांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवतात आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम या निधीत जमा करतात. पैसा मर्यादित असतो, दाराशी येणारे मात्र मर्यादित नसतात.

म्हणून आमचा पहिला आग्रह प्राथमिक आरोग्य सेवेचा आहे. सपाट प्रदेशात ३० हजार आणि आदिवासी व डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष आहे. पण इमारत म्हणजे केंद्र नव्हे. तेथे डॉक्टर, परिचारिका व औषधे हवीत. राज्यांनी अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सुचवले होते. गावात वेळीच ओळखलेला मधुमेह शहरात डायलिसिसपर्यंत सहसा पोहोचत नाही.

दुसरा आग्रह महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील दाव्यांची रक्कम रुग्णालयांना ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा. मोठ्या रुग्णालयांना विलंब सोसतो. न्यासाच्या रुग्णालयाला पगार व औषधांची देणी थांबवता येत नाहीत.

तिसरा आग्रह शिक्षणाचा. त्या यंत्रावर धोक्याची सूचना लावलेली होती. सातवीपर्यंत शाळेत गेलेल्या त्या तरुणाला ती अडखळतच वाचता येत होती. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तेच उद्दिष्ट पुन्हा उच्चारले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, यालाच आम्ही अग्रक्रम देतो. त्यापुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि परिचर्या विद्यालये यांतील शिक्षकांची रिक्त पदे भरली जावीत.

शासनाकडे बोट दाखवताना तीन बोटे आपल्याकडे वळलेली असतात. कंपनी कायदा २०१३ मधील सामाजिक दायित्वाची २ टक्क्यांची तरतूद मोठ्या कंपन्यांपुरती आहे; आमचे बहुतेक सभासद तिच्या बाहेर आहेत. तरीही ठेकेदाराच्या माणसांसह प्रत्येक कामगाराची विमा नोंदणी झाली आहे की नाही, हे स्वतः तपासण्याचे आवाहन मी त्यांना केले आहे. देणगीदारांनाही विनंती आहे की, खोलीवर नाव कोरण्यासाठी दिलेल्या देणगीइतकीच निर्धन रुग्ण निधीस दिलेली देणगी मोलाची माना. तिची पाटी भिंतीवर लागत नाही, परंतु बरा होऊन घरी परतणारा माणूस तिची साक्ष असतो.

तो कामगार आज माझ्याच कारखान्यात भांडारात काम करतो. त्याला उभे करणाऱ्या या संस्थेस माझे विनम्र अभिवादन.